आजोबांची होडी देऊन टाकताय? या चुका टाळा

गणपतीला चार दिवस मुंबईहून यायचं, माडाखालची आजोबांची होडी बघून हळहळायचं आणि विसर्जनाच्या आत गिऱ्हाईक मिळवून द्या म्हणून आमच्या मागे लागायचं. मालवण पट्ट्यात हे दरवर्षीचं झालंय. एवढ्या घाईत पैसे टाकतो तो रिसॉर्टवाला. मग होडीत माती भरून सदाफुली लावली जाते.

सगळ्यात जास्त चीड येते ती एका चुकीची. सुकलेली होडी पाण्यात ढकलायची आणि तासाभरात तिचा निकाल लावायचा! फळ्यांची होडी दोन वर्षं खोपीत राहिली की लाकूड आकसतं, सांधे उघडतात. पाणी आत येणारच. कर्ली खाडीकाठच्या दोन भावांनी गिऱ्हाइकासमोरच अशी सुकलेली होडी पाण्यात उतरवली. घोटाभर पाणी भरलं, गिऱ्हाईक गेलं, भावांनी ‘कुजली’ म्हणून सरपणाच्या भावात काढून टाकली. घेणारा जुना खलाशी. त्याने दगड घालून ती उथळ पाण्यात बुडवून ठेवली, लाकूड फुगू दिलं, मग उपसून उरलेले दोन सांधे कापूस आणि राळेने भरले. आज तो तिच्यातून जाळी टाकतो आणि भाऊ त्याच्याशी बोलत नाहीत.

फट वेगळी, कूज वेगळी. मी तळाला आणि खिळ्यांच्या आसपास पेचकस टोचून बघतो. सहज आत गेला तर ती कूज. नुसती फट असेल तर आतून ओली गोणपाटं अंथरतो, दिवसातून दोनदा पाणी मारतो, मगच खाडीत उतरवतो. एवढा धीर नसेल तर विकायला निघूच नये.

विकण्याआधी ऑइलपेंट फासू नका. जाणता माणूस बोटाने ठोकून आवाजावरून ओळखतो आणि रंग दिसला की आधी संशयच घेतो. वरून फायबरचा थर मारणं त्याहून वाईट, ओल आत कोंडते आणि लाकूड आतल्या आत कुजतं. उंडीच्या बियांच्या तेलाचा हात पुरे.

जमिनीला टेकवून ठेवू नका, वाळवी लागते. खाली ओंडके द्या. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका.

संग्रहालय घेईल या भरवशावर राहू नका. एवढं लांब धूड ठेवायला त्यांच्याकडेही जागा लागते.

आत्यांना विसरू नका. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आजोबांच्या मालमत्तेत मुलींचाही वाटा असतो आणि होडी ही मालमत्ताच. सगळ्यांच्या सह्या आधी घ्या. होडीची नोंदणी असेल तर मत्स्यव्यवसाय कार्यालयात नावही बदलून द्या.

आणि गिऱ्हाईक विचारायचं ते गणपतीत नाही, जून-जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत. यांत्रिक नौका तेव्हा किनाऱ्यावर असतात, माणसं डागडुजी करत बसलेली असतात, होडी नीट बघायला त्यांना सवड असते. वल्ही आणि उलांडी (तोल सांभाळायला होडीच्या बाजूला बांधतात तो ओंडका) सोबतच द्या, दिवाणखान्याच्या भिंतीसाठी काढून घेऊ नका.