गोष्टीतल्या गावांना नावं हवीत? कोडने बनवा

पोरांसाठी गोष्ट लिहायला बसलं की गावाच्या नावावरच गाडी अडते, खरं नाव घेतलं तर पोरं म्हणतात तिथं तर आत्या राहते, म्हणून हे काम मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेला दिलंय.

आधी यादी. मी आपल्या नाशिक जिल्ह्याचे 15 तालुके घेतले, सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत सगळे.

आता खरी अडचण. नाशिक आपल्याला 3 अक्षरांचं वाटतं पण कंप्युटरला त्यात 5 चिन्हं दिसतात: न, काना, श, वेलांटी, क. ही चिन्हं तशीच रँडम जोडली तर काना सुरुवातीलाच येतो, ठिपक्यांचा गोल उमटतो आणि शब्द वाचताच येत नाही. म्हणून तोडायचं ते अक्षरावर. लूप फिरवा म्हणजे एकेक चिन्ह बघत जा, चिन्ह काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) असेल, किंवा आधीचं चिन्ह हलन्त असेल, तर ते मागच्या तुकड्याला चिकटवा, नाहीतर नवा तुकडा. त्र्यंबकेश्वरच्या त्र्यं मधली 6 चिन्हं अशी एकत्र राहिली की समजायचं जमलं.

मग एक डिक्शनरी, म्हणजे पायथनमधली नोंदवही, कोणत्या अक्षरानंतर काय येतं त्याची. व नंतर ळा (देवळा), ण (कळवण), ड (चांदवड), ला (येवला), आणि मालेगाव-नांदगावमुळे दोनदा 'शेवट' (नाव संपल्याची खूण). डुप्लिकेट काढू नका प्लीज, जे जास्त वेळा येतं ते जास्त वेळा निघावं हीच तर गंमत आहे. यालाच मार्कोव्ह साखळी म्हणतात, मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने 1913 मधे 20,000 अक्षरं हाताने मोजून स्वर-व्यंजनं एकामागून एक कशी येतात ते पाहिलं होतं, आपल्याला तेवढे कष्ट नाहीत.

शेवटी, पहिलं अक्षर रँडम उचला, पुढचं त्याच्या लिस्टमधून पायथनच्या रँडम मॉड्यूलमधल्या चॉइस या फंक्शनने, 'शेवट' आला की थांबा. माझ्याकडे बागतपुरी, सिन्नरगाव, चांदवळा, मालेगाणा निघाले, अगदी एसटीच्या पाटीवर शोभतील असे! पण नुसतं 'क' आणि 'नाशिकळवड' पण निघतं, त्यामुळे 3 ते 5 अक्षरांचंच ठेवा आणि मूळ यादीतलं नाव आलं तर टाकून द्या. आवडलेली नावं परत तशीच हवी असतील तर सुरुवातीला सीडला (त्याच मॉड्यूलमधलं फंक्शन) एक ठरलेला नंबर द्या, आणि गोष्टीत वापरण्याआधी नाव एकदा नकाशावर शोधून बघा, खरंच तसं गाव असू शकतं.