आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट: तुकड्यापासून ब्लॉकपर्यंत या चुका टाळा

मिठाईचा प्लास्टिकचा डबा, आत सलाइनमध्ये बुडवलेला मोठ्या आतड्याचा तुकडा. एसटीने सहा तास प्रवास करून तो आमच्या लॅबच्या खिडकीवर आला. घेऊन येणाऱ्या मुलाचा पहिला प्रश्न, "हे यकृतात पसरेल का, ते कळेल ना?" पेशी कुजायला लागल्या होत्या. काय सांगणार!

तुकडा सलाइनमध्ये टिकत नाही. शक्यतो तासाभरात तो १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये (पेशी कुजू न देणाऱ्या द्रवात) पडायला हवा, तोही तुकड्याच्या निदान दहापट द्रवात. डबा रुंद तोंडाचा घ्या. फॉर्मालिनने कडक झालेला तुकडा अरुंद बरणीतून निघत नाही.

आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं. म्हणून रिपोर्टमध्ये नातेवाईक स्टेज शोधतात तेव्हा मी आधी 'एक्स्ट्राम्युरल व्हेनस इन्व्हेजन' ही ओळ बघते, म्हणजे आतड्याच्या भिंतीबाहेरच्या शिरेत कॅन्सर शिरलाय का. ही ओळच नसेल तर 'नाही' असं धरून चालू नका, विचारा. कॅन्सरने भरलेली शीर नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात सहज निसटते. कधी धमनी एकटीच दिसते, जोडीची शीर गायब, आणि तिच्या जागी पेशींचा गोल पुंजका. अशा वेळी इलॅस्टिक स्टेन करून घ्यावा. शिरेच्या भिंतीतले तंतू काळे उमटतात आणि शंका मिटते.

'ट्यूमर बडिंग' म्हणजे गाठीच्या कडेला सुटे पडलेले, एक ते चार पेशींचे ठिपके. ०.७८५ चौरस मिलिमीटरमध्ये १० किंवा जास्त मोजले तर प्रमाण जास्त. लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) १२ पेक्षा कमी तपासले असतील तर 'नोड निगेटिव्ह', म्हणजे त्यांत कॅन्सर नाही, यावर फार विसंबू नका.

एमएमआर, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं गाठीत आहेत का, या तपासणीत वेगळाच घोळ होतो. गाठीत रंग आला नाही, की 'प्रथिन नाही' असं लिहून मोकळं. पण शेजारच्या निरोगी पेशीही कोऱ्याच असतील तर तपासणीच फसली आहे. दुसऱ्या ब्लॉकवर (तुकड्याचा भाग मेणात बसवून केलेली वडी) पुन्हा करायला सांगा.

केआरएएस या जनुकात बदल सापडला म्हणजे यकृतात पसरणारच, असं नाही. पसरलेल्या आजारात सेटुक्सिमॅबसारखं औषध चालेल का, हे ठरवायला तो मुख्यतः लागतो. सीईए हे कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन तर तुकड्यातून नव्हे, रक्तातून मोजतात, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ते कॅन्सर नसतानाही थोडं वाढलेलं असू शकतं.

दुसरं मत घ्यायचं असेल तर स्लाइडबरोबर ब्लॉकही मागून घ्या, पावती ठेवा. आणि मे महिन्यात ते पाकीट गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका. ब्लॉक मेणाचा असतो.