शाईचे प्रायोगिक निसर्गचित्र : या चुका टाळा

चिनी शाईचित्रातला डोंगर कुंचल्यानेच काढला पाहिजे, हा दंडक विसाव्या शतकात मोडीत निघाला. झांग दाचियान (१८९९–१९८३) यांनी शाई आणि खनिज रंग ओतून धुक्यातले कडे उभे केले; तैपेईतल्या ‘फिफ्थ मून’ गटाचे लिऊ गुओसोंग (जन्म १९३२) यांनी तर कुंचल्याविरुद्ध बंडच पुकारले. अशी चित्रे अपघाताने घडल्यासारखी दिसतात, म्हणून नवखा चित्रकार शाई सांडून नशिबावर हवाला ठेवतो. बिघाड मात्र बहुधा शाई सांडण्यापूर्वीच, कागद निवडताना झालेला असतो.

आन्हुई प्रांतातला शुआन कागद कच्चा आणि पक्का अशा दोन प्रकारांत मिळतो. कच्चा कागद शाई टिपकागदासारखी शोषून घेतो, तर पक्क्या कागदाला सरस आणि तुरटीचा थर दिलेला असल्याने शाई वरच थबकते. शाई पसरतच नसेल तर पाणी वाढवत बसू नये. हाती पक्का कागद आला आहे का, ते कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून आधी पाहावे.

लिऊ यांच्या पद्धतीत खरखरीत, जाड तंतू पृष्ठभागाशी असलेला खास कागद वापरतात. त्यावर शाई चढवून मग तंतू उपटले, की त्यांच्याखालची कोरी जागा बर्फाच्या शिरांसारखी पांढरी उमटते. येथे घाई नडते. ओला तंतू ओढला तर तो भोवतालच्या कागदाची साल घेऊन निघतो आणि शिरेऐवजी फाटके भोक राहते. कागद पूर्ण वाळू द्यावा, तंतूचे टोक चिमट्यात धरावे आणि वर न उचलता कागदाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढत न्यावे. सगळेच तंतू काढण्याचा मोहही आवरावा, कारण प्रत्येक कड्यावर बर्फ साचला, की डोंगराचा आकारच हरवतो.

कच्च्या कागदावर तुरटीचे पाणी लावले, की तो भाग शाईला अडवतो आणि धबधबा किंवा ढग फिकट राहतो. हे पाणी वाळल्यावर दिसत नाही, म्हणून आपण कोठे लावले ते विसरायला होते. माझा एक पूर्ण कागद असाच ठिपक्याठिपक्यांचा झाला. म्हणून तुरटीच्या पाण्यात अगदी पुसट शाईचा थेंब मिसळावा. तुरटी फार दाट झाली तर वाळल्यावर स्फटिक चमकतात आणि तिच्या आम्लतेमुळे कागद कालांतराने पिवळा व ठिसूळ होतो. तुरटीचा कुंचला वेगळा ठेवावा आणि काम संपताच धुवावा.

पाण्यावर शाई तरंगवून तिचा ठसा घेण्याची रीत जुन्या पुस्तकांच्या अबरी, म्हणजे संगमरवरी नक्षीच्या, कागदाच्या जवळची आहे. शाई बुडत असेल तर ती फार दाट आहे किंवा उंचावरून टाकली जात आहे. कुंचल्याचे टोक पाण्याला जेमतेम टेकवावे. ठशात पांढरे गोल डाग आले तर कागदाखाली हवा अडकली होती असे समजावे. कागद सपाट न टाकता एका कडेपासून हळूहळू टेकवत न्यावा.

ओतलेल्या शाईचे चित्र मेल्यासारखे दिसत असेल, तर सर्वत्र सारखीच ओल होती का, हे पाहावे. झांग यांच्या ओतीव चित्रांतही एखादे घर, झाडांची रांग किंवा पायवाट कुंचल्याने काढलेली असते. तेवढ्याने काळ्या डागाची दरी होते.

सर्वांत महाग चूक शेवटी होते. शिळ्या शाईतला सरस कुजल्याने तिची पकड सैल पडते, आणि अस्तर लावताना, म्हणजे चित्रामागे आधाराचा कागद चिकटवताना, ओल्या खळीने ती पांढऱ्या जागेत पसरते. हुआंग बिनहोंग (१८६५–१९५५) यांनी अशाच शिळ्या शाईतून डोंगरांना खोल काळेपण दिले, म्हणून ती वर्ज्य मुळीच नाही. चित्र कित्येक दिवस वाळू द्यावे, त्याच शाईने रंगवलेल्या तुकड्यावर ओला कापूस दाबून पाहावा, आणि कापूस काळा झाला तर अस्तर लावणाऱ्या कारागिराला काम सोपवतानाच तसे सांगावे.