पान वळलं की म्युटंट सापडला? या चुका टाळा

अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाचं पान जरा गुंडाळलेलं दिसलं की नवशिका म्युटंट (जनुक बदललेलं रोप) सापडला समजून वहीत ‘ध्रुवीयता बिघडली’, म्हणजे पानाच्या वरच्या-खालच्या बाजूतला फरक बिघडला, असं लिहून मोकळा. मिरचीचा चुरडा-मुरडा पाहिलेला शेतकरी एवढी घाई करत नाही. फुलकिड्यांनी पान वर वळतं, कोळी किडीने खाली, हे त्याला ठाऊक असतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये रोपं वाढवायचा चेंबर २२ ऐवजी २८ अंशांवर राहिला तरी देठ लांबतात, पानं वर उचलली जातात. आधी कीड बघा, तापमानाची नोंद बघा, मग सेक्शन (पानाचा पातळ काप) घ्या.

सेक्शन पात्याच्या मधोमध, मुख्य शिरेला काटकोनात. नव्या ब्लेडची काटकसर नको. तिरक्या कापात लांबट पेशीही गोल दिसतात आणि वरचा थर ‘गायब’ होतो! शिरेत झायलेम (पाणी नेणाऱ्या पेशी) वर, फ्लोएम (अन्न नेणाऱ्या पेशी) खाली हवं. फ्लोएमने झायलेमला वेढलं असेल तर पानावर खालच्या बाजूचे गुण चढलेत. झायलेमने फ्लोएमला वेढलं असेल तर वरच्या.

पहिल्या पानांच्या खालच्या बाजूला लव नसणारच, ते बालपण आहे. पानाचा क्रमांक न लिहिता लव मोजू नका.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे फॅब्युलोसा या पानाची वरची बाजू घडवणाऱ्या जनुकाचा मूळ सीडीएनए (जनुकाच्या संदेशाची डीएनए प्रत) ३५एस प्रमोटरमागे (जनुक सतत चालू ठेवणारा डीएनए तुकडा) जोडणं. जनुक घालायला फुलं जिवाणूंच्या द्रावणात बुडवली, बी धरलं, हायग्रोमायसिन या प्रतिजैविकावर रोपं निवडली, दुसरी पिढीही घेतली. चार-पाच महिने गेले आणि पानं अगदी सरळ. मग दोष प्रमोटरला! खरं तर मायक्रोआरएनए १६५/१६६ हे छोटे आरएनए फॅब्युलोसाचा संदेश कापत असतात. अमिनो आम्लं तीच ठेवून, ते जिथे चिकटतात त्या २१ अक्षरांच्या जागेत चार-पाच बदल करा. पहिल्याच पिढीत फरक दिसायला हवा. तुलनेला मूळ जागेची प्रतही लावा, ‘वेळ वाचवायला’ ती गाळू नका. क्यूपीसीआरचे (संदेश किती आहे ते मोजायची चाचणी) प्रायमर कापाच्या दोन बाजूंना एकेक ठेवा, नाहीतर तुटका तुकडाही भरघोस आकडा दाखवतो.

कानाडी-१ हे पानाची खालची बाजू घडवणारं जनुक एकट्याने बिघडवून फार काही दिसत नाही. कानाडी-२ सोबत घ्या.

जेएडब्ल्यू-डी या म्युटंटची चुरगळलेली पानं ध्रुवीयतेची नाहीत, कडेच्या जास्तीच्या वाढीची आहेत.

आणि कोलंबिया या अरॅबिडॉप्सिसच्या वाणातला म्युटंट लॅन्ड्सबर्ग इरेक्टा या दुसऱ्या वाणाशेजारी ठेवून ‘पान लांबट झालं’ म्हणू नका. इरेक्टा जनुक बिघडल्याने लॅन्ड्सबर्गचं पान मुळातच गोलसर असतं.