सोलापुरात बसून स्टार्टअपमध्ये पैसे कसे लावायचे, आणि यातच करिअर करायचं असेल तर काय

नवी पेठेत कपड्याचं दुकान असलेले एक ओळखीचे काका मागच्या महिन्यात घरी आले, मुलीबरोबर शिकलेल्या एका पोरानं कंपनी काढलीय, लॉज आणि भक्तनिवासांच्या खोल्यांचं बुकिंग, भाडं, हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि तो पाच लाख मागतोय. काकांचा पहिला प्रश्न, "महिना किती टक्के सुटेल?"

मी म्हटलं काका, महिना शून्य, वर्षाला पण शून्य, आणि दहा वर्षं शून्यच राहू शकतंय.

आपल्याकडं पैसा लावायचा म्हणजे प्लॉट, सोनं, भिशी, नाहीतर व्याजानं देणं. या सगळ्यात नजर एकच असते की मुद्दल बुडता कामा नये, आणि ती नजर चुकीची अजिबात नाही, पिढ्यान्‌पिढ्या घरं त्यावर उभी राहिलीत. पण स्टार्टअपमध्ये ती नजर घेऊन गेलात तर फसाल, कारण इथं मुद्दल बुडणारच असं धरूनच हिशोब मांडायचा असतो. त्यामुळं आधी गणित बघा, बाकी सगळं नंतर.

समजा तुम्ही पंधरा कंपन्यांत दोन-दोन लाख टाकले, एकूण तीस लाख. त्यातल्या आठ बंद पडल्या, सोळा लाख गेले. चार कंपन्यांनी जेवढ्यास तेवढे परत दिले, आठ लाख. दोन कंपन्यांनी तिप्पट दिले, बारा लाख. इथवर तीसचे वीसच झालेत. आता उरली एक. ती वीसपट झाली तर चाळीस लाख देते, म्हणजे एकूण साठ, ऐकायला भारी वाटतं पण याला नऊ वर्षं लागली असं धरलं तर नऊ वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण ८ टक्के, त्यासाठी एवढी झोप कशाला घालवायची. तीच एक पन्नासपट झाली तर एकूण १ कोटी २० लाख, चौपट, आणि तेव्हा कुठं या धंद्याला अर्थ येतो. म्हणून कंपनी बघताना "ही बुडेल का" यापेक्षा "ही चालली तर किती मोठी होईल" हा प्रश्न आधी विचारायचा. छान, सुरक्षित, वर्षाला वीस लाख नफा देणारा धंदा असेल तर त्याला बँकेचं कर्ज मिळवून द्या, त्यात शेअर घेऊ नका.

हे काही नवीन नाही. जॉर्ज डोरियोच्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट या, नव्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या कंपनीनं १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट नावाच्या कॉम्प्युटर कंपनीत ७० हजार डॉलर टाकले, पुढे त्याचे ३५ कोटी डॉलरच्या वर झाले, आणि त्या फंडानं बाकी इतक्या ठिकाणी पैसे लावलेले तरी नाव राहिलं ते या एकाच सौद्यामुळं. आपल्याकडचं बघायचं तर नोकरी डॉट कॉमवाल्या इन्फो एजनं २०१० मध्ये फूडीबे नावाच्या छोट्या साईटमध्ये सुमारे पावणेपाच कोटी टाकले, तीच पुढे झोमॅटो झाली, पण शेअर बाजारात आली २०२१ च्या जुलैमध्ये. मधली अकरा वर्षं मोजा. तेवढं थांबायची तयारी असलेलाच पैसा इथं आणायचा, पोरीच्या लग्नाचा नाही, घराच्या हप्त्याचा नाही, कॅश क्रेडिटवर उचललेला तर कधीच नाही. माझं मत सांगतो, तुमच्या एकूण बचतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाऊच नका आणि ते सुद्धा तीन-चार वर्षांत वाटून टाका, एका दिवाळीत सगळं नको.

आपल्या मातीत हे बसत नाही असं कुणी म्हटलं की मला वालचंद हिराचंद आठवतात. १८८२ चा जन्म, सोलापूरचा. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी, त्यात त्यांचं मन रमलं नाही, आणि रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारी करून ते रेल्वेची कंत्राटं घ्यायला लागले. एकाकडं पैसा आणि धाडस, दुसऱ्याकडं कामाची माहिती. पुढे जहाजं, विमानं, मोटारी, सगळं केलं. मला तर ही जोडीच या धंद्याचं मूळ वाटते, तुम्ही फाटक शोधायचा असतो.

आता तो शोधायचा कुठं. बेंगळुरूच्या पोरांच्या मागं धावू नका, चांगला सौदा तुमच्यापर्यंत येईस्तोवर दहा जणांनी नाकारलेला असतो. तुम्हाला जे आतून कळतं तिथं बघा. टॉवेल-चादरीत आयुष्य गेलंय? मग लूम, सूत, एक्स्पोर्ट ऑर्डर याच्याशी संबंधित काही असेल तर मुंबईच्या फंडातल्या एमबीएपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. सांगोल्याकडं डाळिंबाची बाग आहे? मग मोबाईलवर फोटो काढून डाळिंबावरचा तेल्या रोग ओळखणारं ॲप घेऊन कुणी आला तर तुम्ही एका वाक्यात विचाराल की पानावर डाग दिसल्यावर सांगून उपयोग काय, आधी सांगतोस का? साखर कारखाने, ऊसतोड, दवाखाने, पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूरची गर्दी, इतके प्रश्न आपल्या भोवती पडलेत. वालचंद कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट बघायला जा, पुण्यातल्या डेमो डेला, म्हणजे नव्या कंपन्या पैसे लावणाऱ्यांना आपलं काम दाखवतात तिथं, जा, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन रात्री परत येता येतं.

एक सौदा जवळून सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात दोन पोरांनी लूमवर छोटी यंत्रं बसवलेली, लूम थांबला की मालकाच्या मोबाईलवर कळतं, दिवसाचा आकडा दिसतो. ऑफिसात लॅपटॉपवर सगळं चकाचक होतं. मी म्हटलं खाली जाऊ. खाली जॉबरनं, म्हणजे लूमची देखभाल करणाऱ्या कारागिरानं, लूमच्या लोखंडी फ्रेमवर खडूनं रेघा मारलेल्या, काही उभ्या, काही आडव्या. विचारलं हे काय, तर म्हणाला, "साहेब ह्यांचं मशीन लूम थांबला ते सांगतंय, का थांबला ते सांगत नाही, उभी रेघ म्हणजे ताण्याचा दोरा तुटला, आडवी म्हणजे बाण्याचा." म्हणजे सूत खराब आहे का सेटिंग बिघडलंय, हे ज्याला बघायचंय त्याला त्या लॅपटॉपचा उपयोगच नव्हता. माझी नजर त्या पोरांवर होती. एक जण मालकाकडं बघून सारवासारव करायला लागला, दुसरा मात्र खाली बसला, कापसाच्या धुळीत, आणि पूर्ण पाळी संपेपर्यंत त्या रेघा वहीत उतरवत बसला. पंधरा दिवसांनी परत गेलो तर यंत्राला दोन बटणं आली होती, एक ताण्याचं एक बाण्याचं, आणि फ्रेमवर खडू नव्हता. मी त्याच आठवड्यात हो म्हटलं.

असं प्रत्यक्ष जाऊन बघण्याला पर्याय नाही. पिच डेक, म्हणजे पैसे मागताना दाखवायच्या स्लाइड, सगळ्यांचाच छान असतो. गिऱ्हाईकांचे नंबर मागा, ते देतील ते तीन आणि तुम्ही स्वतः शोधलेला एक, आणि फोनवर एवढंच विचारा की उद्या हे बंद झालं तर तुमचं काय अडेल? "काही नाही, जुनी वही आहेच" असं उत्तर आलं तर समजून जा. आणि आकडे, ते पण थोडकेच बघा पण खरे बघा. बँकेत किती आहे, महिन्याला किती जळतंय, म्हणजे किती महिने पुरेल. मागच्या वर्षी धरलेली किती गिऱ्हाईकं आज पैसे देतायत. फुकटात वापरणारे किती आणि खिशातून देणारे किती. विक्रीचा आकडा सांगितला की जीएसटी रिटर्नशी ताडून बघा, यात कुणी रागावत असेल तर तिथंच थांबा.

किमतीचं थोडं समजून घ्या. पाच कोटीच्या कंपनीत पाच लाख टाकले की तुमचा १ टक्का. पुढं पैसे उभे करायच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे राऊंडला, नवीन शेअर निघतात, समजा तीन राऊंडमध्ये दर वेळी २० टक्के नव्यांना गेले तर तुमचा १ टक्का उरतो ०.५१. कंपनी २०० कोटीला विकली गेली तर साधारण एक कोटी दोन लाख. पण त्यात एक अट दडलेली असते, लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे मागून आलेले मोठे फंड आपला पैसा आधी काढून घेणार. त्यांनी ४० कोटी टाकलेत आणि कंपनी ४० कोटीलाच विकली गेली तर साधे शेअर घेऊन बसलेल्याच्या हातात काहीच नाही. त्यामुळं साध्या शेअरऐवजी सीसीपीएस मागा, म्हणजे पैसे परत मिळताना साध्या शेअरच्या आधी उभे राहणारे आणि नंतर साध्यात बदलणारे प्रेफरन्स शेअर, आणि पुढच्या राऊंडमध्ये आपल्या वाट्याइतके पैसे घालायचा हक्क, प्रो-राटा म्हणतात तो, कागदावर लिहून घ्या.

कागदावरून आठवलं, माझे पहिले पाच लाख असेच गेले. नात्यातल्या ओळखीचा पोरगा, सरळ त्याच्या पर्सनल खात्यावर पैसे टाकले, स्टँप पेपरवर दोन ओळी लिहून घेतल्या. दीड वर्षानं कंपनी दुसऱ्याला विकली गेली आणि शेअरहोल्डरच्या यादीत माझं नावच नव्हतं. त्याची बेईमानी किती आणि माझं अज्ञान किती हे आजही मला नीट सांगता येत नाही, पण तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा भाग हळू वाचा. पैसे फक्त कंपनीच्या खात्यात आणि फक्त बँकेतून, रोख एक रुपया नाही, कंपनी कायद्याच्या कलम ४२ मध्ये तसं स्पष्ट आहे. तुमच्या नावानं पीएएस-४ हे ऑफर लेटर आलं पाहिजे. पैसे पोचल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटले पाहिजेत, नाहीतर पैसे परत. वाटप झालं की कंपनी पीएएस-३ हा वाटपाची सरकारदरबारी नोंद करणारा फॉर्म भरते, त्याची पावती आणि यादीची कॉपी मागून घ्या, आणि शेअर सर्टिफिकेट किंवा डिमॅटमध्ये नोंद. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साईटवर थोडी फी भरून कुठल्याही कंपनीचे कागद कुणालाही बघता येतात, पैसे द्यायच्या आधी कंपनीवर कुणाचं कर्ज आहे आणि शेअर कुणाकडं किती आहेत ते बघून घ्या. सीएला दोन पैसे द्या पण शेअरहोल्डर ॲग्रीमेंट वाचून घ्याच.

थेट नको असेल तर फंडातून, म्हणजे बऱ्याच जणांचा पैसा एकत्र करून लावणाऱ्यांमार्फत, जाता येतं. अशा फंडांसाठी सेबीचे २०१२ चे एआयएफ (ऑल्टरनेटिव्ह इन्व्हेस्टमेंट फंड) नियम आहेत, साध्या व्हेंचर फंडात कमीत कमी १ कोटी लागतात. एंजल फंड, म्हणजे अगदी सुरुवातीच्या कंपन्यांत पैसे लावणारा, हा वेगळा प्रकार, त्याचे नियम २०२५ मध्ये बदलले आणि आता तो ॲक्रेडिटेड इन्व्हेस्टरसाठीच आहे, म्हणजे उत्पन्न आणि मालमत्तेचे निकष पार करून रीतसर सर्टिफिकेट घ्यावं लागतं. टॅक्सचं थोडक्यात, अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नसलेले, शेअर २४ महिन्यांच्या वर ठेवले तर नफ्यावर १२.५ टक्के, आणि शेअर वाजवी किमतीपेक्षा महाग विकले म्हणून स्टार्टअपच्या गळ्यात पडणारा तो एंजल टॅक्स २०२४ च्या बजेटमध्ये काढून टाकला.

आता तरुण पोरं विचारतात, आमच्याकडं पैसे नाहीत, पण यात नोकरी करायचीय. मार्ग आहे. फंडात ॲनालिस्ट म्हणून लागायचं, मग असोसिएट, प्रिन्सिपल, आणि टिकलात तर पार्टनर. पैसा दुसऱ्यांचा असतो. १०० कोटीचा फंड असेल तर साधारण वर्षाला २ टक्के, म्हणजे २ कोटी, पगार-ऑफिस चालवायला, आणि १०० चे ३०० झाले तर वरच्या २०० कोटीतला २० टक्के वाटा, ४० कोटी, ज्याला कॅरी म्हणतात. पण तो दहा वर्षांनी, आणि पहिली चार-पाच वर्षं तर फंड तोट्यातच दिसतो कारण बुडणाऱ्या कंपन्या लवकर बुडतात आणि चालणाऱ्या उशिरा चालतात. या काळात घरच्यांना काय सांगायचं हा खरा प्रश्न असतो, आधीच बोलून ठेवा.

माझा सल्ला, कॉलेज संपल्या संपल्या फंडात जायची घाई नको. विनोद खोसलांचं बघा, आयआयटीतून बाहेर पडून आधी सोया दुधाचा धंदा करून बघितला, तो जमला नाही, मग १९८२ मध्ये अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स ही कॉम्प्युटर कंपनी उभी करण्यात होते आणि त्याच्या नंतर १९८६ मध्ये इन्व्हेस्टर झाले. आधी कुठल्यातरी छोट्या कंपनीत तीन-चार वर्षं विक्री करा, पगार उशिरा होणं म्हणजे काय ते बघा. आणि आजपासून एक वही करा, दर आठवड्याला एक कंपनी, मी यात पैसे टाकले असते का, का, आणि काय झालं तर माझं चुकलं असं समजेन. शंभर पानं झाली की तीच वही घेऊन मुलाखतीला जा, डिग्रीपेक्षा ती जास्त बोलते.

पैसे टाकल्यावर काय करायचं हे कुणी विचारतच नाही. रोज फोन करून "काय बे, किती झालं" विचारू नका. महिन्याला एक पानाचा अपडेट मागा, आणि तुमच्या ओळखीतलं एक गिऱ्हाईक, एक चांगला अकाउंटंट, एखाद्या अडकलेल्या बिलासाठी एक फोन, एवढं द्या. कंपनी बुडत असेल तेव्हा फोन उचला, तेव्हाच तो पोरगा पुढच्या वेळी पहिला तुमच्याकडं येईल का ते ठरतं. आणि नाही म्हणायचं असेल तर आठवड्याच्या आत म्हणा, कारणासकट, त्याचा एकेक दिवस पगाराचा असतो.

काकांनी अजून पैसे दिलेले नाहीत. पाच लाखांऐवजी दोनच लाख द्यायचं ठरवलंय, सीएकडून कागद बघून घेतले, अक्कलकोटच्या लॉजवाल्याशी आणि तुळजापूरच्या एकाशी स्वतः जाऊन बोलले. तिसरं गिऱ्हाईक पंढरपूरचं आहे, एकादशीच्या ऐन गर्दीत ते सॉफ्टवेअर टिकतंय का बघायला काका त्याच दिवशी जाऊन काउंटरशेजारी बसणार आहेत.