अकूस्टिक ३६० चा आवाज जवळून जोखू नका

बासवादक जॅको पास्टोरियसमुळे नावारूपाला आलेला अकूस्टिक ३६० हा १९६०च्या दशकाच्या अखेरचा अमेरिकन बास गिटारचा अ‍ॅम्प. आज तो हाती लागला, तर शेजारी उभं राहून सेटिंग करू नका. त्याच्या ३६१ कॅबिनेटमधला (स्पीकरच्या पेटीतला) १८ इंची स्पीकर तोंड मागे करून बसवलेला असतो आणि आवाज दुमडलेल्या हॉर्नमधून, म्हणजे भोंग्यातून, वळसे घेत बाहेर येतो. त्यामुळे दोन-तीन फुटांवर तो पोकळ वाटतो, वाजवणारा बास वाढवत सुटतो आणि मागच्या रांगेतल्यांच्या छातीत धडधडायला लागतं.

लांब केबल घ्या, २०-२५ फुटांवर जाऊन तिथून ऐकत वाजवा आणि नॉब फिरवायला कुणाला तरी अ‍ॅम्पपाशी बसवा. ई तारेच्या खालच्या स्वराची लहर आठ मीटरच्या आसपास भरते, म्हणून तेवढं अंतर लागतंच, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. तसं असतं, तर हेडफोनमध्ये बास ऐकूच आला नसता!

विकत घेताना एक बघा. वरचा ३६० हा नुसता प्रीअ‍ॅम्प, म्हणजे आवाजाला वळण देणारा भाग. स्पीकर हलवणारा २०० वॅटचा पॉवर अ‍ॅम्प खालच्या कॅबिनेटच्या पोटात असतो. नुसतं वरचं डबडं स्वस्तात मिळालं म्हणून साध्या कॅबिनेटला जोडाल, तर काही उपयोग नाही; मध्ये वेगळा पॉवर अ‍ॅम्प लागेल. आणि अमेरिकन व्होल्टेजचा असेल, तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टला लावू नका. त्याआधी जुने कपॅसिटर जाणकाराकडून तपासून घ्या.