भोसरी-चाकण पट्ट्यात पहिला गाळा घेताना

तालुक्याच्या गावी वर्कशॉप टाकायचं तर लेथ, मिलिंग, वेल्डिंग, रंगकाम सगळं स्वतःच उभं करावं लागतं. पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत लेझर कटिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, पावडर कोटिंग, टूल रूम हे सगळं टेम्पोच्या एका फेरीत गाठता येतं. वाढत्या शहराचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे: जे यंत्र कर्ज काढून आणावं लागलं असतं, ते इथे तासाच्या दराने मिळतं. नव्या माणसाने पहिली दोन वर्षं हा फायदा पुरेपूर घ्यावा. बहुतेक जण उलट करतात, आधी यंत्र आणतात आणि मग काम शोधत फिरतात.

यंत्र घ्यायचं की नाही, हे कागदावर ठरवा. समजा बँकेचा हप्ता 90,000 रुपये आणि ऑपरेटर, वीज, देखभाल मिळून 50,000. म्हणजे महिन्याला 1,40,000. बाहेर तेच काम ताशी 700 रुपयांत होत असेल, तर 200 तासांच्या कामाला नुसती बरोबरी होते. आठ तासांची एक पाळी 26 दिवस चालली तर 208 तास भरतात. त्यातून सेटिंग, टूल बदलणं आणि वीज जाणं वजा करा. म्हणजे दुसऱ्या पाळीचं काम हातात आल्याशिवाय हे यंत्र परवडत नाही. आकडे तुमच्या यंत्राप्रमाणे बदला, रीत हीच ठेवा.

जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून प्रक्रिया करून घ्यायला, माल पाठवताना जीएसटी नोंदणी असलेल्याला कर लागत नाही, पण डिलिव्हरी चलन हवंच. कच्चा माल 1 वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून व्याजासह कर भरावा लागतो. गोंधळ होतो तो मोजमापात. जाताना चलनावर किलो लिहिलेले असतात, येताना नग, आणि वर्षअखेरीला मेळ बसत नाही. दोन्ही वेळा किलो आणि नग लिहा, स्क्रॅप कोणाचं तेही लिहून घ्या.

तीन ठिकाणी फिरून आलेला भाग रिजेक्ट झाला की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर आपल्याकडे तपासणी ठेवा. प्लेटिंगआधी तर नक्कीच: 60 अंशांच्या थ्रेडवर (आट्यांवर) 8 मायक्रॉनचा थर चढला की पिच व्यास, म्हणजे आट्यांच्या मध्यावर मोजलेला व्यास, सुमारे 32 मायक्रॉनने वाढतो, थराच्या चौपट. आधी गेजमध्ये जेमतेम बसणारा बोल्ट नंतर बसत नाही, आणि प्लेटिंगवाल्याचा त्यात काही दोष नसतो. मशिनिंगलाच तेवढी जागा सोडावी लागते.

आता गाळा. शहर वाढतं तसं भाडं वाढतं आणि कमावलेला फायदा मालकाच्या खिशात जातो. म्हणून 11 महिन्यांवर थांबू नका, 60 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार मागा. वाढ किती ते आधीच ठरवा. लॉक-इन, म्हणजे ठरल्या मुदतीआधी करार न मोडण्याचं बंधन, मालकावर असू द्या, तुम्हाला मात्र दोन महिन्यांच्या नोटिशीवर निघता यावं. मुद्रांक शुल्क याला फार लागत नाही. वाढ न धरता भाडं 40,000 आणि परतीची अनामत 2 लाख असेल, तर 24 लाख भाडं अधिक अनामतीवर वर्षाला 10 टक्क्यांप्रमाणे 1 लाख, एकूण 25 लाखांवर 0.25 टक्के म्हणजे 6,250 रुपये. नोंदणी शुल्क वेगळं.

सही करण्याआधी मंजूर वीजभार बिलावर स्वतः पाहा. भार वाढवायला नवा ट्रान्सफॉर्मर लागला तर भाडं चालू आणि काम बंद, असे दिवस जातात. प्लॉट एमआयडीसीचा असेल तर पोटभाड्याची परवानगी मागून घ्या. स्वस्त पत्र्याची शेड दिसली की बांधकाम अधिकृत आहे का ते विचारा. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने हजारो अनधिकृत बांधकामं पाडली. यंत्रं हलवायलाही अनेकांना वेळ पुरला नाही.

कामगार इथे मिळतो आणि तितक्याच सहज शेजारच्या गेटवर जातो. प्रत्येक यंत्र चालवता येणारे किमान दोघे असतील असं बघा.

सगळ्यात जास्त धंदे बुडतात ते उधारीत. पहिलं बिल काढण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला आणि वर्ष संपलं, तर खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही. म्हणून उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा, मार्चमध्ये त्याचा उपयोग होतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ही सोय लागू नाही. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपनीला माल देत असाल, तर ती ट्रेड्सवर (TReDS, लहान उद्योगांची बिलं वटवण्याचा ऑनलाइन मंच) आहे का ते ऑर्डर घेतानाच विचारा. कंपनीने तिथे बिल मान्य केलं की वित्तपुरवठादार व्याज कापून रक्कम आधीच देतो. ते व्याज दरात धरूनच कोटेशन द्या.